बंटीशेठच्या माळ्यावरची रेल्वे

कळंबच्या बंटीशेठनं दुकानाच्या माळ्यावर खेळण्यातली रेल्वे मांडली होती. थर्माकोलचे डोंगर, रंगवलेल्या भुशाचं गवत, सगळं हुबेहूब. दुकानामागच्या रानाचा मालक सयाजी, त्यानं वाकून पाहिलं. त्यात त्याची विहीरही होती, आणि रूळ थेट तिला खेटून गेले होते.

"माझंच रान बरं घावलं?"

"खिडकीतून तेवढंच दिसतं, भाऊ."

सयाजीला काडीचं पटलं नाही. खऱ्या रेल्वेचा सर्व्हे व्यापाऱ्याला आधी कळतोच! रान गेलं तर झाडांची भरपाई तरी मिळावी, म्हणून त्यानं गुपचूप विहिरीकडेला आंब्याची रोपं लावली.

आठवड्यानं तो पुन्हा माळ्यावर गेला. विहिरीकडेला इवली रोपं होती, शेजारी खोरं घेतलेला टोपीवाला बाहुला.

"बघा!" सयाजी ओरडला. "झाडं मोजली, आन् मलाबी मोजलं! म्हणं, खिडकीतून दिसतं!"