आतली कडी

जावयानं मला गप्प बसायला सांगितलं. तेही स्वतः नाही, लेकीच्या तोंडून. "आई, आज किल्ल्यात मध्येच बोलू नकोस गं, त्यांची परीक्षा आहे." वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं माझा शब्द चालला. हा गडी तिथेच राहायला होता. चार वर्षांचं कॉलेज त्यानं सहा वर्षांत केलं, माझ्या हातचं सुटत नव्हतं म्हणून असेल. जाताना माझी लेकही घेऊन गेला. आणि आता माझ्याच तोंडाला कुलूप! म्हटलं, ठीक आहे. हूं की चूं करणार नाही. मग बघा.

नदीकाठचा पडका किल्ला तो. निम्मा तट पाण्यात बसलेला, उरलेल्यावर झुडपं. जावई कामाला होता तो कारखाना बंद पडल्यावर तो इथे गाईड म्हणून लागला, तीन महिन्यांपुरता. आज वरच्या ऑफिसातून एक बाई येऊन त्याच्या मागे फिरणार होत्या. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्याच सांगणार. म्हणून आज सदरा कडक इस्त्रीचा.

बाई आल्या. हातात वही, पायात चालायचे बूट. कामाची बाई वाटली. बघायला आलेली पंधरा-वीस माणसंही सोबत निघाली, मागोमाग मी आणि लेक. जावयानं दरवाजा सांगितला, बुरूज सांगितला, बरं सांगितलं. मग नदीच्या अंगाच्या एका ठेंगण्या दगडी खोलीत शिरला आणि भुतं बोलवावीत तसा आवाज खाली आणला.

"हा कैदखाना. छताला आकडे दिसतात? फितुरांना इथे उलटं टांगायचे. जमीन उतरती का? रक्त त्या भोकातून थेट नदीत!"

बघायला आलेल्यांतल्या एकीनं नवऱ्याचा दंड धरला. जावई खूश.

मी वर बघितलं. आकडे हात पुरेल इतकेच उंच. तिथे माणूस उलटा टांगला तर त्याच्या डोक्यानं जमीन झाडून निघेल, शिक्षा राहिली बाजूला. कोपरा धुरानं काळा, वर झरोका. आलं लक्षात. पण जीभ दाताखाली धरली.

बाईंनी दाराच्या चौकटीत बोट घातलं. "कडीची खाच आतल्या बाजूला आहे. कैदी स्वतःच कडी लावून घ्यायचे का?"

सगळे हसले. जावयानं माहितीची पुस्तिका उघडली, मिटली, परत उघडली. कान लाल. "पुस्तिकेत तर... कैदखानाच दिलाय."

लेकीनं मला चिमटा काढला. "आई, सांग ना काहीतरी!"

मी ओठांवर बोट ठेवलं. कबूल केलं ते केलं.

पण हातांना कुणी बंदी घातली नव्हती. मी काळ्या कोपऱ्यात गेले, पदर खोचला, दोन्ही हातांनी जड पातेलं उचलावं तशी वाकले, दाराशी आले आणि कोपरानं हवेतली कडी सरकवली. वसतिगृहात तीस वर्षं रोज सरकवत होते, तशीच.

जावई बघतच राहिला. सहा वर्षं त्यानं त्या कडीच्या बाहेर उभं राहून ताट बडवलं होतं. सगळं शिजेपर्यंत मी दार उघडत नसे. उघडलं की पोरं सरळ पातेल्यात हात घालायची.

"स्वयंपाकघर!" तो ओरडला. "आकडे भांडी टांगायला. उतार खरकटं पाणी नदीत जायला. कोपरा काळा तो चुलीनं. आणि कडी आतून, कारण भुकेला शिपाई कुणाच्या बापाचं ऐकत नाही!" मग पुस्तिका खिशात कोंबली. "बाई, तीन महिने मी चुकीचं सांगत होतो."

"तज्ज्ञांना दाखवावं लागेल," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "पण पुस्तक मिटून भिंतीकडे बघणारा माणूस मला हवाच होता. एक तारखेपासून तुम्ही कायम."

लेकीनं डोळे पुसले. जावई माझ्याकडे धावला. "आई, तुम्ही होतात म्हणून—"

आता मी तोंडाचं कुलूप काढलं.

"जावईबापू, नोकरी तुम्ही मिळवलीत, त्यात माझं काही नाही. पण तीन महिने स्वयंपाकघरात उभं राहून ज्याला ते ओळखता आलं नाही, तो घरी माझ्या लेकीला किती मदत करतो ते मला आज कळलं. संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही करायचा. आणि कडी मी लावणार, बाहेरून."