चरबीचा घास

"घोड्याला पित्ताची पिशवीच नसते. तरी खिंड चढतो ना? मग तुझंच काय एवढं कौतुक?" ओढ्याच्या पाण्यात मेंढीचं आतडं उलटं करत तुर्दुकान सुनेला म्हणाली. धाकट्या दिराची सोयरीक होती. धुवायला बसलेल्या बायका खुसखुसल्या.

कानिशायचं डोकं सणकलं. वर्षभर ती तळमळली होती. चरबी पोटात गेली की उजव्या बरगडीखाली कळ उठायची, पार खांद्यापर्यंत जायची. कामाच्या दिवशीच बरं दुखतं, म्हणायची सासू. नवरा, मेलिस, तेवढ्यात घोड्याला पाणी पाजायला निघून जायचा. डोळे पिवळेधमक झाले तेव्हा कुठे तिला नारिनच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी खड्यांनी भरलेली पिशवीच काढून टाकली.

आता तिने टोपलीतलं मेंढीचं काळीज उचललं, त्याला चिकटलेली हिरवी पिशवी सासूपुढे धरली.

"बघा, आपा. काळजात, म्हणजे यकृतात, पित्त तयार होतं, ते इथे साठतं. जठरातून चरबी आतड्यात उतरली की ही पिशवी आवळते, पित्त सोडते. पित्ताने चरबी फुटते, मग आतडं ती शोषतं. माझं पित्त आता नुसतं थेंबथेंब गळतं. एका वेळी फार चरबी आली तर पुरणार कसं? आणि घोडा दिवसभर गवत चघळतो. त्याला मेंढीच्या शेपटीची चरबी कोण भरवतं?"

बायका पुन्हा हसल्या. या वेळी तुर्दुकानला. तिने दातओठ खाल्ले.

दुपारी व्याह्यांसमोर तिने डाव साधला. काळजाचा तुकडा शेपटीच्या पांढऱ्या चरबीत गुंडाळला आणि थेट सुनेच्या तोंडाशी नेला. थोरल्यांच्या हातचा घास नाकारायचा नसतो. कानिशायने ओठ घट्ट मिटले.

"घे ना एक घास," मेलिस पुटपुटला. "आईचा मान राहील."

सासूपेक्षा त्याचाच तिला जास्त संताप आला. इस्पितळात टाके याच माणसाने पाहिले होते!

"मान तुझ्या आईचा आणि पोट माझं?" ती ताडकन उठली. "तूच खा. आणि परत मला कळ आली ना, तर घोड्याकडे पळू नकोस. माझ्याजवळ बस आणि ऐक."

ती बाहेर गेली, चुलीशी बसून कोरडी रोटी चहात बुडवून खाऊ लागली. मेलिस मागोमाग आला, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तुर्दुकान हिवाळा सरून वसंत येईपर्यंत तिच्याशी बोलली नाही. मात्र तिच्या ताटात वाढताना चरबी बाजूला काढू लागली, धुसफुसत.