ओरडून न सांगता येणाऱ्या गोष्टी

आमच्या घरात तत्त्वज्ञान मागावं लागत नाही, आपोआप मिळतं. सूर्यभान, म्हणजे आमचे हे, अमरावतीच्या एका कॉलेजात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले. शिकवणं मात्र थांबलं नाही. विद्यार्थी तेवढे कमी होत होत मी एकटी उरले. मीसुद्धा शाळेत गणित शिकवलेली बाई. दोन अधिक दोन चार झाले की माझा विषय संपतो. यांचा विषय चारच का, इथून सुरू होतो.

यांचं एक लाडकं वाक्य होतं. यंत्र चांगलं नसतं आणि वाईटही नसतं, वापरणाऱ्याचा हात पाहा. अडकित्त्यानं सुपारी कातरा नाहीतर बोट, अडकित्त्याला त्याचं काही नाही. या एका वाक्यावर कितीतरी पोरं परीक्षेत पास झाली. पुढे यांचेच कान गेले आणि डॉक्टरांनी कानाचं मशीन लावा म्हटलं, तर हे गृहस्थ म्हणतात कसे, "चष्मा जे आहे थेच दाखवते. हे मशीन तं काय आयकवायचं थे सोता ठरवते. म्या काय आयकायचं हे मशीननं ठरवायचं काय?"

"अन् तुमचा अडकित्ता कुठी गेला आता?" मी विचारलं.

त्यांना ऐकू आलं नाही. इतका बिनतोड मुद्दा असा वाया गेला याचं मला फार वाईट वाटलं.

बहिऱ्या नवऱ्याबरोबर संसार करणं म्हणजे काय, हे लोकांना कळत नाही. लोकांना वाटतं, थोडं मोठ्यानं बोलायचं, झालं. पण ओरडून फक्त कामाचं बोलता येतं. जेवायला चला. गॅस बंद करा. सिलेंडरवाला आला. ओरडून कोणाला चिडवता येत नाही. लाडात येता येत नाही. "आज मले बरं नाही वाटून राहिलं" हे वाक्य ओरडून म्हणून पाहा, म्हणजे त्याचं काय होतं ते कळेल. आमचं घर राजापेठेत. समोर शिकवणी वर्ग, खाली दिवसभर गाड्यांचे हॉर्न. मी घसा फोडून काही सांगायला लागले की समोरची पोरं खिडकीत जमायची. मग मी सांगणंच सोडलं. त्या काही वर्षांत मी फार एकटी पडले होते, आणि ज्याला सांगायचं तो समोरच बसलेला असायचा.

तेव्हा मला एक खोड लागली. हे सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून, माझ्याकडे पाठ करून पेपर वाचायचे. मी अंबाडी निवडता निवडता त्या पाठीशी बोलायला लागले. हळू, पुटपुटत. आधी त्या दिवसाचं गाऱ्हाणं, मग मागच्या महिन्याचं. असं मागे मागे जात मी एक दिवस बाळापूरला पोचले.

बाळापूरला, त्या जुन्या किल्ल्याच्या गावात, आमच्या संस्थेची एक शाळा होती. आमची हर्षा लहान होती तेव्हा तिथल्या मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी संस्थेनं मला विचारलं होतं. दिवसभर मी हवेत होते. संध्याकाळी यांना सांगितलं, तर हे हसले. "बाळापूरले जाऊन काय करशीन? किल्ला सांभाळशीन काय?" नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. भांडता मला येतं. पण हसण्याशी कसं भांडायचं? मीही हसले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पुढे त्या जागेवर दुसरी बाई गेली. हे सगळं मी यांच्या पाठीला पुन्हा पुन्हा सांगायची. कधी चिडून, कधी यांच्या हसण्याची नक्कल करून. सांगून झालं की छाती हलकी व्हायची आणि मी चहा ठेवायची.

ही खोड माझ्या घराण्यातलीच. माझी आई आशाबाई नांदगाव खंडेश्वरची. पहाटे जात्यावर बसली की ती गाण्यातून सासूचे वाभाडे काढायची, आणि सासू हाताच्या अंतरावर चुलीपाशी बसलेली असायची. पण जात्यावर गायलेलं मनाला लावून घ्यायचं नाही, अशी रीतच होती. दळण संपलं की दोघी सारख्याच सुरात, भाकरी कितीक टाकायच्या, यावर बोलायच्या. मग गावात पिठाची गिरणी आली. आईच्या खांद्याला आराम पडला. गिरणीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, तो खांदा मी रात्ररात्र चेपला आहे. पण आई नंतर कधी गायली नाही. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाली, "गिरणीच्या लायनीत उभी राहून काय गाऊ माय?"

तर यांची पाठ हे माझं जातं होतं. ते आपल्याच हातानं मोडायला मी निघाले आहे, हे मला कळलं नाही.

झालं असं, की मी बाथरूममध्ये घसरले. फार लागलं नाही, पण उठता येईना. हाका मारल्या. पुष्कळ मारल्या. हे भिंतीपलीकडे निवांत पेपर वाचत होते. शेवटी कामवाली आली, तिनं मला उठवलं. हे दारात उभे राहून नुसते बघत राहिले. त्या दिवशी तत्त्वज्ञान निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पायात चपला घालून म्हणाले, "चाल, अकोल्याले."

हर्षा अकोल्याला असते. तिनं आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. कानाचं मशीन बसवणारी पोरगी तरुण होती, चटपटीत होती. दोन्ही कानांत मशीनं बसवून तिनं समजावलं, "सर, हे मशीन गोंगाट मागं ढकलते अन् बोलणं पुढं आणते."

"अन् गोंगाट कोणता, बोलणं कोणतं, हे कोण ठरवते?" यांनी विचारलं.

"मोबाइलमध्ये सेटिंग आहे ना, सर."

मी इतकी हसले की हर्षानं मला कोपर मारलं. यांनी हसण्याच्या आवाजाकडे वळून पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, आवाजाकडे वळून पाहिलं. बाहेर पडल्यावर पायरीवर थांबले आणि म्हणाले, "तुह्या बांगड्या वाजून राहिल्या." या वयात मला भरून आलं. अमरावतीपर्यंत गाडीत आम्ही हळू आवाजात बोलत होतो. काय बोललो ते आठवत नाही. हळू बोललो, एवढंच आठवतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी माती खाल्ली.

हे खुर्चीत, पाठ माझ्याकडे. मी मिक्सरमध्ये चटणी वाटत होते. मिक्सर असा की ओट्यावरची भांडी थरथरतात. हात सवयीनं चालतात तसं तोंडही सवयीनं चालू झालं. "बाळापूरले गेली असती तं माही खुर्ची असती. माह्या दारावर पाटी असती. या मानसाच्या एका हासण्यापायी इथं चटणी वाटून राहिली."

मिक्सर बंद केला, तर हे दारात उभे.

"बाळापूर काय?"

"काही नाही. मिक्सर चालू होता, भलतंच आयकलं तुमी."

"मिक्सर नाही आयकू आला," हे म्हणाले. "तूच आयकू आली."

त्या पोरीनं सांगितलं होतं तसंच मशीननं केलं होतं. गोंगाट मागे ढकलला आणि माझं बोलणं पुढे आणलं. इमानानं काम केलं बिचाऱ्यानं.

त्यानंतर माझं तोंडच शिवलं गेलं. मोठ्यानं बोलायची गरज उरली नव्हती आणि पुटपुटायची सोय उरली नव्हती. हे दिवसभर कान लावून बसलेले आणि घरात ऐकण्यासारखं काही नाही. "काहून गप्प आहे?" विचारायचे. "काही नाही," मी म्हणायची. मला मशीनचा राग आला, हर्षाचा आला, त्या चटपटीत पोरीचाही आला. यांना ऐकू यावं म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते, आणि आता ऐकू येतं तर मला सांगता येत नव्हतं. हेसुद्धा गप्प झाले. रस्त्यावरचे हॉर्न ऐकत खिडकीत बसायचे आणि मधूनच माझ्याकडे पाहायचे. बाळापूर आठवून पाहत होते, हे मला दिसत होतं. आठवत नव्हतं, हेही दिसत होतं.

एका सकाळी मी अंबाडी घेऊन बसले होते. हे आले. दोन्ही कानांतली मशीनं काढली, डबीत ठेवली, डबी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. मग खुर्ची ओढून जुन्या जागी टाकली, माझ्याकडे पाठ करून बसले आणि पेपर उघडला.

"बोल," बहिऱ्या माणसाच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले. "मी नाही आयकून राहिलो."

समोरच्या वर्गातल्या पोरांनीही ते ऐकलं असेल. मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी सुरुवात केली. "तुमी त्या दिवशी..." म्हटलं आणि थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. ती पाठ रोजचीच होती, पण आज ताठ होती. पेपरचं पान उलटत नव्हतं. जातं कधी असं वाट पाहत बसत नाही. आपल्याला कोणी काही सांगतंय, हे त्याच्या गावी नसतं, म्हणून तर त्याला सांगता येतं. आईला जातं मिळालं, पण तिचं ऐकून कोणी कधी थांबलं नाही. सासू सगळं ऐकायची आणि भाकऱ्या मोजायची. ती रीत भली होती असं मी इतकी वर्षं मानत आले होते. यांच्या पाठीकडे बघता बघता मला पहिल्यांदा आईची कीव आली.

माझ्या पुढ्यात मात्र डबी होती.

मी हात पुसले. उठून यांच्या मागे उभी राहिले. कानावरचे केस बाजूला करून आधी डावं मशीन बसवलं, मग उजवं. हे हलले नाहीत. मशीन चालू झाल्याचं ते बारीक संगीत वाजलं, तेवढं मी थांबले. मग वाकून, खालच्या गाड्यांचा आवाज मोठा असतानाच, अगदी हळू म्हणाले,

"मले बाळापूरले जायचं होतं. लय जायचं होतं. तुमी हासले."

यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

"काहून? आयकू नाही आलं काय?"

"आलं," हे म्हणाले. "म्हणून म्हणतो."

मी पुन्हा सांगितलं, आणखी हळू.