मऊ माती

बांधावर डंपर रिकामा झाल्याचा आवाज आला, तशी कुंभारमावशी अर्धं मडकं चाकावरच सोडून उठली. तिचं घर तळ्याच्या बांधाच्या अगदी पायथ्याशी. बांध फुटला की पाणी आधी तिच्या चुलीत. गेल्या साली तसंच झालं होतं. भट्टी विझली आणि दोनशे कच्च्या मडक्यांचा पुन्हा चिखल झाला. म्हणून हा नवा बांध ती डोळ्यांत तेल घालून बघत होती.

तिनं ढिगातली मूठभर माती घेतली, बोटांत चुरली.

"ठेकेदार, ही माती चालायची नाही."

"का? मऊ तर आहे." ठेकेदारानं खिशातून कागद काढला. "हे बघा लिहिलंय. बांधाच्या पोटात मऊ माती भरावी."

"मऊ काय एका तऱ्हेचं असतं? बाळाची टाळू मऊ, सडकं वांगंही मऊ. एक लुसलुशीत, दुसरं लिबलिबीत. तुला दोन्ही सारखंच? ही तुझी माती भुसभुशीत. गाजरं लाव हिच्यात, हातभर येतील. पाणी अडवायला चिकण माती लागते."

"मावशी, तुम्हीच जरा मऊ बोला की," ठेकेदार म्हणाला, आणि मजूर खो खो हसले.

सुनेनं मागून पदर ओढला. "आत्याबाई, चला घरी. कशाला मोठ्या माणसांच्या नादी लागता?"

"मोठी माणसं जातील त्यांच्या घरी. पाणी आपल्या घरात येतं."

एवढं बोलून मावशीनं डंपरच्या पुढ्यात फतकल मारली. ऊन डोक्यावरून कलायला लागलं तरी ती हलली नाही. शेवटी बांधाचे साहेब जीपमधून आले.

"आजी, एका शब्दापायी काम अडवलंत?"

"तो शब्द तुम्हीच लिहिलात ना, साहेब? मग हात पुढे करा."

साहेब गोंधळले, पण त्यांनी ओंजळ धरली. मावशीनं त्यात ढिगातली माती दाबून वाटीसारखा खळगा केला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. वाटी ढासळली. सगळा राडा साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर उतरला. कोणी हसलं नाही. मग तिनं घरून आपल्या चाकावरची माती मागवली, तशीच वाटी केली आणि पाणी ओतलं. पाणी थेंबभर हललं नाही. त्यात साहेबांना स्वतःचं तोंड दिसत होतं.

साहेबांनी बुटांकडे पाहिलं, मग ठेकेदाराकडे. कागद मागून घेतला आणि 'मऊ' खोडलं.

"काय लिहू, आजी?"

"चिकण लिहा. हाताला लोण्यागत लागावी आणि घोरपडीसारखी धरून बसावी, हेही लिहा. नाहीतर हा बाबा परत सटकेल."

साहेबांनी शब्दन् शब्द लिहिला. मजूर ती माती परत डंपरमध्ये भरायला लागले. ठेकेदार जाता जाता पुटपुटला, "म्हातारीची जीभ म्हणजे नुसती कानस. खरखरीत."

मावशीनं लुगड्याला हात पुसले.

"खरखरीतच बरी, बाबा. गुळगुळीत असती तर तुझ्या कागदावरून सकाळीच घसरली असती."