डावीकडे वळणारी गुढी

पंखा बंद होता, तरी खोली फिरत होती. गुरुदत्तकाकांनी आधी भूकंपाचा संशय घेतला, मग आदल्या रात्रीच्या वालाच्या उसळीचा. दोष शेवटी डाव्या कानात निघाला. "कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आजारी पडलाय," डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी खोली थांबली, पण डावीकडे वळलं की काका अजूनही फ्रिजला मिठी मारायचे. म्हणून डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली.

आणि पाडवा तोंडावर आलेला. ठाकुर्लीतल्या त्यांच्या वसाहतीच्या स्वागतयात्रेत पुढची मोठी गुढी वर्षानुवर्षं काकांच्याच हातात. उंच बांबू, वर तांब्या, खाली काका. यात्रा गेटातून निघायची, डावीकडे वळायची आणि मारुतीच्या देवळाशी संपायची. आता त्या वळणावर काका आडवे झाले, तर गुढी आडवी आणि गुढीबरोबर सगळ्यांचं वर्ष आडवं, असं समितीचं मत पडलं.

"यंदा उजवीकडून नेऊ या ना यात्रा," काकांनी सुचवलं.

"नेऊ की," समितीचे सुधीर म्हणाले. "कल्याणमार्गे पोचू मारुतीला. अरे, तू आराम कर. मी आहे ना!" दुसऱ्या दिवसापासून सुधीर गच्चीवर पोछ्याच्या काठीला तांब्या बांधून सराव करताना दिसू लागले.

फिजिओथेरपिस्ट अंतरा मानपाड्याहून स्कूटीवर यायची. तिने काकांना स्वतःच्या अंगठ्यावर नजर रोखून मान हलवायला शिकवलं. एका पायावर उभं केलं. मग जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "याच्याभोवती चालायचं. उजवीकडून आणि डावीकडून. डावीकडून जास्त. गरगरेल, पण जिकडे गरगरतं तिकडेच हळूहळू वळत राहिलं की मेंदू शिकतो. काकू, तुम्ही शेजारी राहा हं."

काका मन लावून चालले. थोड्या दिवसांनी अंतरा तपासायला आली, तेव्हा उजवीकडे ते भोवऱ्यासारखे वळले. डावीकडे वळले आणि फ्रिजच्या गळ्यात पडले.

"काका, डावीकडून करताय ना?"



"कसले करतायत!" सुमेधाकाकू म्हणाल्या. "दूधकेंद्र गेटाच्या डावीकडे, तर हे उजवीकडून अख्ख्या वसाहतीला वळसा घालून जातात. दूध येईपर्यंत माझा कोरा चहा पिऊन होतो."

"पण का, काका?"

काकांनी टेबलाकडे हात केला. पाडव्यासाठी स्वयंपाकघराला रंग लावायला घेतला होता, म्हणून देव्हारा टेबलाच्या मधोमध येऊन बसला होता.

"देवाला उलटी प्रदक्षिणा घालू?" काका दुखावल्या आवाजात म्हणाले. "बरं व्हायचंय मला."

"मग देव्हारा उचला ना."

"आता पाडव्यालाच. गुरुजींनी सांगितलंय."

अंतरा हताश होऊन खुर्चीत बसली. अशा आजारावरचा उपाय तिच्या अभ्यासक्रमात नव्हता. काकू मात्र काकांकडे बघत राहिल्या. लग्न झाल्यापासून ज्या स्वरात त्या काकांना कोंडीत पकडत आल्या होत्या, त्या स्वरात त्यांनी विचारलं, "अहो, शंकराला कशी घालतात हो प्रदक्षिणा?"

"शंकराला? अर्धी. तीर्थाच्या पन्हळीपर्यंत जायचं, पन्हळ ओलांडायची नाही, तिथून वळायचं आणि आल्या वाटेने उलटं..." काका थांबले.

"उलटं?" अंतरा ताडकन उठली.

काकूंनी बाकीचे देव देव्हाऱ्यात जरा मागे सारले आणि पिंड पुढे घेतली. पिंड सुपारीएवढी, तिची पन्हळ काकांना चष्म्यातूनही दिसेना. मग काकूंनी तिच्यापुढे चहाची किटली ठेवली, चोच बाहेर. काका चोचीपर्यंत जायचे, वळायचे आणि अत्यंत भक्तिभावाने डावीकडून परतायचे. आधी फ्रिज सुटला, मग काकूंचा हात सुटला. पाडव्याच्या आदल्या दिवशी अंतराने बांबू हातात देऊन त्यांना सगळीकडून फिरवलं आणि सुधीरना सांगितलं, "काका नेतील गुढी."

"मी शेजारीच असेन," सुधीर म्हणाले. "तांब्या झेलायला."

पाडव्याला ढोल दणाणले. मागे नऊवारीतल्या मुली बुलेटवर, त्यांच्यामागे लेझीम. गेटाशी काका डावीकडे वळले. वरचा तांब्या हललासुद्धा नाही. सुधीर दोन्ही हात पसरून बाजूने चालत होते आणि थोडे खट्टू दिसत होते.

देऊळ समोर दिसू लागलं आणि काका थबकले. रस्त्यात पाण्याचा टँकर उभा होता. त्याचा पाइप आडवा रस्ताभर, तोंडातून बारीक धार.

काकांचा पाय पुढे पडेना. ते गुढीसकट सुरेख डावीकडून वळले आणि परत निघाले. पुढची गुढीच वळली म्हटल्यावर सुधीर गर्रकन वळले, ढोल वळले, बुलेट वळल्या, लेझीमवाले एकमेकांत अडकून वळले.

"अहो!" काकू रस्त्यात ओरडल्या. "टँकरचा पाइप आहे तो, पन्हळ नव्हे! ओलांडला तरी चालतो!"

टँकरवाल्याने घाबरून पाइप उचलून गळ्यात घेतला. काका पुन्हा डावीकडून वळले. त्यांच्यामागे अख्खी यात्रा पुन्हा वळली.

"काका, गरगरतंय का?" अंतरा धावत आली.

"मला? छे!"

शेजारी सुधीर डोळे मिटून, गुढीच्या बांबूला दोन्ही हातांनी लटकले होते.

"धर, घट्ट धर," काका म्हणाले आणि देवळाकडे चालू लागले. "मी आहे ना!"