मुकादमबाईंची फोनवरची मुलाखत

हॉस्पिटलच्या धुलाई विभागात अठरा वर्षं काढलेल्या बाईंना सगळे मुकादमबाई म्हणत. हाताखाली बारा माणसं आणि चार अजस्र मशिनं. मार्चमध्ये त्यांना कामावरून काढलं. तेव्हापासून कुठेही अर्ज केला की पहिला प्रश्न ठरलेला: आधीची नोकरी का सोडली?

आता दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं. मुलाखत फोनवर, गुरुवारी अकराला. लेकीनं कंबर कसली. आईला स्वयंपाकघरात बसवून ती आतल्या खोलीतून फोन लावी आणि साहेबाचा घोगरा आवाज काढून प्रश्न विचारी. आई उत्तरादाखल नुसती मान हलवायची. मान फोनवर दिसत नाही, तोंडानं हो म्हण, असं लेकीनं चारदा बजावलं.

दिराचा सल्ला एकच होता. "वहिनी, घरगुती अडचण होती, एवढंच सांगा. खरं सांगत बसलात तर हातचं जाईल."

खरं असं होतं, की बॉयलर दोन दिवस बंद पडला होता. चादरी कोमट पाण्यातून निघाल्या, तरी व्यवस्थापकांनी वहीत 'उकळत्या पाण्यात धुतल्या' असं लिहून ती सहीसाठी बाईंपुढे सरकवली. त्याच चादरींवर ऑपरेशन झालेले पेशंट झोपणार होते. बाईंनी सही केली नाही, वर चादरी अडवून ठेवल्या. आठवड्याभरात त्यांना घरचा रस्ता दाखवण्यात आला.

गुरुवारी फोन आला तो अकरा वीसला. बोलणारे कार्यालयातले साहेब होते. मेट्रनबाईही ऐकताहेत, असं त्यांनी आधीच सांगितलं. रक्ताचे डाग, मशीनमध्ये किती कपडे भरायचे, माणसं रजेवर गेली तर काय करायचं, असं बरंच विचारून झालं. बाईंची गाडी रुळावर होती. मग तो प्रश्न आला.

लेकीनं 'घरगुती' असं लिहिलेला कागद पुढे केला. बाईंनी तो उलटा करून ठेवला.

"साहेब, मी सोडली नाही. मला काढलं," त्या म्हणाल्या, आणि बॉयलरपासून वहीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

मग साहेब म्हणाले, आमच्याकडे जुळवून घेणारी माणसं लागतात.

"माणसांशी घेते की जुळवून. बारा जणांशी अठरा वर्षं घेतलं. खोट्या नोंदीशी जुळवून घेणं मला जमत नाही, आणि या वयात शिकायचंही नाही."

आता मेट्रनबाईंचा आवाज आला. "उद्या घाईगर्दीत मीच वही पुढे केली तर?"

"तर तुम्हाला माझ्याबरोबर बॉयलरपाशी यावं लागेल. तो तापलेला दिसला की लगेच सही."

कळवू, म्हणून साहेबांनी फोन ठेवला. लेक रडवेली झाली होती. तीन दिवस मी काय शिकवलं, असं तिनं विचारलं. तोंडानं बोलायला शिकवलंस, तेच केलं, असं म्हणून बाई भाजी निवडायला बसल्या.

नऊ दिवस काहीच कळलं नाही. दीर रोज संध्याकाळी डोकावून "मी सांगत होतो" एवढं म्हणून जाई. दहाव्या दिवशी मेट्रनबाईंनी स्वतः फोन केला. जागा तुमचीच, पण सहा महिने पारखून घेऊ. साहेबांना तुमच्या जिभेची धास्ती वाटते.

"काम सहा महिने पारखा, वर्षभर पारखा," बाई म्हणाल्या. "जीभ आहे ती अशीच राहील. चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

मेट्रनबाई हसल्या. सोमवारी सातला या, म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मात्र बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. इतके दिवस आपण किती घाबरलो होतो, ते त्यांना आत्ता कळलं. डोळे पुसले, आणि दिराला ही बातमी आपण होऊन सांगायची नाही, असं ठरवलं. विचारायला येईल तो.