हिंगाच्या डबीतली गोळी

मी हिंगाची डबी बोलतेय. नाक मुरडू नका. हिंग संपून नऊ वर्षं झाली, वास तेवढा उरलाय. आता माझ्यात कलावतीच्या एचआयव्हीच्या गोळ्या असतात.

आजार नवऱ्याकडून आला, नवरा गेला. सरकारी बाटलीवरचं नाव मोहने गावातल्या आमच्या चाळीत कुणी वाचू नये, म्हणून ती दर महिन्याला गोळ्या माझ्यात ओतते. खडखडू नयेत म्हणून वर कापूस दाबते. सकाळच्या चहाबरोबर एक गोळी. एक दिवस चुकली नाही बाई! रक्तात विषाणू सापडत नाही, असाच रिपोर्ट येतो. मुलगा रत्नदीप आणि सून प्रीती, दोघांना सगळं ठाऊक होतं. तरी नातीला आंघोळ हीच घालायची.

मग ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा आजार मुळापासून घालवायचं संशोधन चाललंय, रक्त द्याल का? कलावतीला कोण आनंद! जिच्या हातचं पाणी दिरानं नाकारलं, तिचं रक्त कुणीतरी मागत होतं. माहितीचा कागद नाचवतच घरी आली.

"प्रीती, मोठ्यानं वाच गं. माझ्या रक्तातून औषध निघेल एक दिवस!"

प्रीती वाचू लागली. "गोळ्या चालू असतानाही विषाणू काही पेशींत लपून, झोपून राहतो. गोळ्या थांबल्या की जागा होतो..." ती थबकली. "लपून? म्हणजे आहेच ना, आई? तुम्ही तर सापडत नाही म्हणालेलात."

"अगं, रक्तात सापडत नाही. बाळाला घेतल्यानं तर कधीच लागत नाही. पुढे लिहिलंय, वाच की."

पुढचं कोण वाचतंय! प्रीतीनं बाळ उचललं नि आत गेली. रत्नदीप मान खाली घालून म्हणाला, "आई, बाळाला घेणं थोडे दिवस राहू दे ना. कशाला रिस्क?"

हौसेनं गेली नि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला बिचारीनं. तिचं ताट आणि मी, दोघांची रवानगी मोरीवरच्या फळीवर झाली. कागदही माझ्याच पोटात कोंबलाय.

आज सकाळी नात रडत होती. कलावती उंबऱ्यापर्यंत गेली, परत फिरली. माझं झाकण उघडलं, गोळी तळहातावर घेतली. "कुणासाठी घेऊ?" म्हणाली, आणि पुन्हा माझ्यात टाकली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

बये, अर्धा कागद वाचणाऱ्यांसाठी जीव घालवू नकोस. तो आत झोपलेला याचीच वाट बघतोय गं. झाकण अजून उघडं आहे. चहा गार झाला असेल, पुन्हा गरम कर.